बेल्जियमचा आवाज

पृथ्वीच्या पाठीवर असा एकही देश नाही ज्याचा आवाज आपल्याला काढता येणार नाही, असं आप्पासाहेब औताड्यांनी शहरातल्या उस्मानपुऱ्यात डबिंगच्या स्टुडिओचा जिना चढता चढताच जाहीर करून टाकलं! आता वास्तविक आप्पासाहेबांनी जग पाहिलं होतं ते आपल्या गावापासून, म्हणजे बिडकीनपासून, शिर्डीपर्यंत. पण आत्मविश्वासाला पासपोर्ट लागत नाही.

पाटबंधारे खात्यात कारकुनी करून ते नुकतेच रिटायर झाले होते. राज्य नाट्यस्पर्धेत एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, आणि त्या उत्तेजनात त्यांनी पुढची सगळी नोकरी काढली. नातेवाइकांच्या लग्नात हळद उतरली की लोक त्यांना मधे बसवायचे आणि ते नकला करायचे. म्हशीपासून मामलेदारापर्यंत कुणाचीही! मात्र सगळ्यात जास्त हशा पिकायचा तो थोरल्या भावाच्या, रामकिसनदादांच्या नकलेला. दादा स्वतः त्याच मांडवात पानाला चुना लावत बसलेले असायचे, आणि गालातल्या गालात हसायचे. पण ही गोष्ट दोघांत बोलणं होतं तेव्हाची.

स्टुडिओ म्हणजे फरसाणाच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. खाली मिरची तळायला घेतली की वरचा सगळा स्टुडिओ खोकत खोकत जिन्यात यायचा. मालक सौमित्र सेलूकर, वय तिशीचं, दाढी ऋषीची. परदेशातली एक कार्टून मालिका मराठीत आणायचं काम त्याला मिळालं होतं. मालिका विनोदी, पण चालू होतं महायुद्ध! त्यात माणसं नव्हतीच; देशच माणसं झालेले. जर्मनी सारखा टाचा आपटतोय, इंग्लंड डोक्यावर बॉम्ब पडत असताना चहा गाळतंय, रशिया ओव्हरकोट घालून घोरतोय, आणि अमेरिका सगळं उरकल्यावर येऊन हार गळ्यात घालून घेतेय. सेलूकरने मराठी नाव ठेवलं होतं ‘महायुद्धाची भावकी’.

“काका, आपण एकेका देशाला महाराष्ट्राचा एकेक भाग वाटून दिलाय,” सेलूकर म्हणाला. “इंग्लंड पुण्याचं. ‘क्षमा करा, आपली तोफ आमच्या फाटकासमोर उभी आहे’ असं म्हणणारं. जर्मनी कोल्हापूरचा, अमेरिका मुंबईची, रशिया नागपूरचा...”

“अन् मराठवाडा?”

“बेल्जियम!”

“ते काय करतं?”

“काहीच नाही करत, काका! जर्मनीला फ्रान्सवर जायचं असलं की वाटेत बेल्जियम लागतं. ते दारात उभं राहून ओरडतं, दम देतं, आणि मग सगळे त्याच्या अंगणातून जातात. दर भागात जातात. तीच तर गंमत आहे!”

आप्पासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “रशिया नागपूरला, जर्मनी कोल्हापूरला, अन् आमच्या वाट्याला अंगण? हा अनुशेष हाय सेलूकर! सरळसरळ अनुशेष!”

पण माइक समोर दिसत होता, आणि माइक दिसला की आप्पासाहेबांचा स्वाभिमान लगेच खुर्ची आणून द्यायचा. त्यांनी बेल्जियम पत्करलं.

पहिला आठवडा नुसता वाया गेला. आप्पासाहेबांनी बेल्जियमला ऐतिहासिक नाटकातला आवाज दिला. “खबरदार!” अशी आरोळी ठोकली की वाटावं, आता जर्मनीच घाबरून परत जाणार! सेलूकर काचेपलीकडून कपाळ बडवायचा. “काका, ओठ बघा, ओठ! बेल्जियमनं तोंड मिटलं तरी तुमचं खबरदार चालूच!”

मग आप्पासाहेब ओठ बघायला शिकले. डबिंगमध्ये सगळी करामत तीच. समोरच्याचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, त्याचं मिटलं की आपलं मिटायचं, आणि मधल्या हालचालीत शब्द बसवायचे. ती खोड त्यांना अशी जडली की रस्त्यापलीकडं दोघं बोलताना दिसले तरी हे इकडं तोंडातल्या तोंडात त्यांचं बोलणं बसवायचे, आणि बऱ्याचदा ते बरोबर निघायचं. त्यांची बायको द्वारकाबाई एकदा शहरातल्या घराच्या गॅलरीत येऊन म्हणाली, “अहो, समोरच्या कुलकर्णीणबाईंच्या ओठांकडं काय टक लावून बघू राह्यले? वय काय तुमचं!”

ओठ जमले, पण आवाज जमेना. सेलूकर माणूस बदलायच्या गोष्टी करू लागला. त्या दिवशी पडद्यावर जर्मनीचे रणगाडे बेल्जियमच्या भाजीच्या वाफ्यातून निघाले होते. बेल्जियम कुंपणावर चढून हात नाचवत होतं. आप्पासाहेबांनी ते बघितलं, आणि त्यांच्या घशातून आपोआप रामकिसनदादा बाहेर पडले.

“ए! ए थांब! एक पाऊल म्होरं टाकलं तर तंगडं मोडून हातात दील! लई शानपना करू नको! सांगून ठेवतो! ए!... बरं, आलाच हाय तर आता कडंकडंनं जा.”

काचेपलीकडं सेलूकर खुर्चीवरून खाली घसरला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. “हाच! काका, हाच बेल्जियम!”

यातला शब्दन् शब्द दादांचा होता. तीन वर्षांपूर्वी बिडकीनच्या शेतात तो उच्चारला गेला होता, आणि समोर जर्मनी नव्हता, आप्पासाहेब होते. ट्रॅक्टरला जोडलेलं सोयाबीन काढायचं मशीन त्यांनी लांबच्या वाटेनं न नेता थेट दादांच्या उभ्या तुरीतून घातलं होतं. दादा आडवे उभे राहिले, ओरडले. ट्रॅक्टर काही थांबेना. तेव्हा ते बाजूला झाले आणि ते शेवटचं वाक्य म्हणाले. त्यानंतर दोघा भावांत अबोला.

औताड्यांचा अबोला म्हणजे काय चीज आहे, हे तुम्हाला ठाऊक नसणार. ती या घराण्याची खरी इस्टेट! यांचे वडील फकिरा आणि चुलते पुंजाराम रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून पळाले, तेव्हा गाय कुणी सोडायची यावरून दोघांचं बिनसलं. पुढं पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं एवढं मोठं राज्य चार-पाच दिवसांत गेलं, पण औताड्यांचा अबोला काही हलला नाही. पुंजाराम वारले, तेव्हा फकिरांनी खांदा दिला तोही तोंड दुसरीकडं करून! रामकिसनदादा तर या कलेत बापाच्या वर निघाले. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी एका उन्हाळ्यात चतुरावहिनींशी अबोला धरला, आणि त्या काळात सगळे निरोप म्हशीच्या मार्फत दिले. “चंद्रे, तुझ्या मालकिणीला म्हण, पाव्हणे यायलेत, भाकरी वाढव!” आणि वहिनीही म्हशीलाच उत्तर द्यायच्या. म्हैस बिचारी दोघांकडं आळीपाळीनं बघायची.

एवढं सगळं ठाऊक असूनही, आपण दादांचा आवाज आता जगभर नेतोय याचा आप्पासाहेबांना क्षणभरच चटका बसला. मग त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं, “दादा काय कार्टून बघतात का!”

दादा बघत नव्हते. पण बाकी सगळं बिडकीन बघत होतं! मालिका आली आणि बेल्जियमनं धुमाकूळ घातला. रशिया राहिला घोरत आणि इंग्लंड राहिलं चहा गाळत, लोकांच्या मोबाइलवर फिरायचं ते फक्त “कडंकडंनं जा!” कुणाची रिक्षा वळली, कुणाची वरात निघाली, की मागून तेच. आप्पासाहेबांना उद्घाटनाचं बोलावणं आलं. मिसळीच्या हॉटेलाचं होतं, पण होतं!

बिडकीनच्या लोकांना आवाज ओळखायला किती वेळ लागणार? ज्या दिवशी क्लिप गावात पोचली, त्याच दिवशी रामकिसन औताड्यांचा बेल्जियम झाला. दुधाच्या डेअरीवर दादांनी “फॅट कमी कामून लागलं?” एवढंच विचारलं, तर ओळीतली सगळी माणसं खिंकाळली. साधं फॅटचं विचारलं होतं हो माणसानं! पण आवाज तोच, सुरुवातीला दम आणि शेवटाला विनवणी. न्हाव्याकडं बसले तर न्हावी म्हणाला, “कडंकडंनं काढू का?” पोरं आडवी यायची, “आबा, जर्मनी कुठवर आला?” दादा हातात दगड घ्यायचे, ओरडायचे, आणि ओरडले की पोरं आणखी खूश.

मग दिवाळीच्या तोंडावर गावातले एक जुने मास्तर वारले. दशक्रियेला नदीवर सगळा गाव जमलेला. आपल्याकडं रीतच आहे, चार लोकांनी उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे. मास्तर दादांचे बालमित्र; त्यामुळं दादा उठले. डोळ्यांत पाणी. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “माणूस लई चांगला होता हो. कुणाच्या वाटंला गेला नाय. आपला कडंनं आला अन्...”

बस्स! मागं कुणीतरी फुसकन हसला. मग दुसरा. मग हसू असं पसरत गेलं की कावळ्यांनी पिंड सोडून झाड गाठलं. सगळ्यात वाईट म्हणजे मुंडण करून बसलेला मास्तरांचा थोरला मुलगा! त्यानं उपरणं तोंडावर धरलं होतं, पण खांदे हलत होते, आणि ते रडण्यानं हलत नव्हते. दादा तसेच उभे राहिले, मग वाक्य अर्धं टाकून खाली बसले. त्यानंतर गावात त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही.

घरीही ऐकला नाही. चतुरावहिनींना वाटलं, अबोला. साहजिक होतं! त्या मनातल्या मनात आपली चूक शोधू लागल्या. मीठ? चहा? माहेरचं कुणी काही बोललं? कशातच काही सापडेना, तेव्हा त्यांनी जावेला फोन केला.

“द्वारके, हे बोलू नाय राह्यले. पार दिवाळीपासून.”

“कुणाशी?”

“कुणाशीच नाय ना बाई! जेवाय बी नीट नाय राह्यले. घास घोळवत बसत्यात.”

द्वारकाबाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. आप्पासाहेब चहा पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, “माझ्यावरचा राग हाय. आधी एकट्याशी अबोला होता, आता घाऊक धरला!” आणि मग त्यांचं तोंड उतरलं. खरं सांगायचं तर त्यांना दादांची फार आठवण येत होती. उद्घाटनाचा नारळ फोडताना, टाळ्या पडताना, क्लिप बघून लोक खांद्यावर थाप मारताना, दर वेळी त्यांना वाटायचं, दादांनी एकदा “आप्प्या, लेका!” म्हणावं. त्या दोन शब्दांवर त्यांनी सगळे देश ओवाळून टाकले असते. पण पुढं होऊन बोलायचं कुणी? औताडे होते ना तेही!

शेवटी हिवाळा सरल्यावर त्यांनी तह करायचं ठरवलं. तह म्हटला की मध्यस्थ आला. गावचे तात्यासाहेब, वय ऐंशीच्या पुढं, कान कामातून गेलेले, पण मध्यस्थीचा शौक दांडगा. पेढ्यांचा बॉक्स, शाल, नारळ आणि तात्यासाहेब असा सगळा सरंजाम घेऊन आप्पासाहेब दादांच्या ओट्यावर जाऊन बसले. पाठोपाठ अर्धी गल्ली जमली. बेल्जियम आणि जर्मनीचा तह, कोण सोडतंय!

दादा खांबाला टेकून बसलेले. गळ्याला मफलर, अंगानं निम्मे झालेले. आप्पासाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, रागानं झालेत.

“रामकिसन, धाकट्याला पदरात घे!” तात्यासाहेब ओरडले. बहिरी माणसं ओरडतात तसे.

दादा गप्प.

“तात्यासाहेब, त्यांना म्हणा, मी तुरीची भरपाई म्हणून माझ्या बांधावरनं कायमची वाट द्यायला तयार हाय,” आप्पासाहेब म्हणाले. दादा तीन हातांवर होते, पण अबोल्याची शिस्त पाळायला हवी.

“काय म्हणतो?” तात्यासाहेब.

“वाट!”

“लाट? कसली लाट?”

गल्ली हसली. दादांनी नुसता हात हलवला. तो हात ‘राहू दे’ असा होता की ‘चालता हो’ असा, हे कुणालाच कळेना. आप्पासाहेबांचा धीर सुटत चालला. आणि अशा वेळी माणसाला नेमकी जी गोष्ट करू नये तीच सुचते! त्यांना वाटलं, लग्नाच्या मांडवात दादा हसायचे. आता हसले की बर्फ वितळला! ते उठले, कमरेवर हात ठेवले, मान दादांसारखी तिरकी केली, आणि दादांच्या तोंडावर, दादांच्या ओट्यावर, दादांच्याच आवाजात म्हणाले, “ए! एक पाऊल म्होरं टाकलं तर तंगडं मोडील! सांगून ठेवतो!”

गल्ली हसून फुटली! तात्यासाहेबसुद्धा हसले, त्यांना काहीही ऐकू आलेलं नसताना.

दादा ताडकन उभे राहिले. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, हात उगारला, आणि बाहेर आली ती नुसती हवा. पंक्चर काढताना ट्यूबमधून येते तशी. सगळ्यांना वाटलं, तुच्छतेनं फुस्स केलं.

“असं?” आप्पासाहेब पेटले. “वडलांसमान भाऊ म्हणून पाया पडाय आलो, तर फुस्स? तात्यासाहेब, त्यांना म्हणा, आता मी मेलो तरी येऊ नका!”

दादांनी त्यांच्याकडं पाठ फिरवली आणि ते गोठ्याकडं निघाले. म्हैस दावं तोडून कडब्यात शिरली होती. दादांनी तिला हाकलायला टाळ्या वाजवल्या. एकदा, दोनदा. म्हैस ऐकेना. ते पुन्हा टाळ्या वाजवू लागले.

चतुरावहिनी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या.

“भावजी,” त्या हळूच म्हणाल्या. “हे टाळ्या कामून वाजवू राह्यले?”

“म्हशीला हाकलू राह्यले, दुसरं काय!” आप्पासाहेब अजून तणतणत होते.

“तसं नाय ओ. आमच्या अबोल्यात बी हे चंद्रीशी बोलायचे. जगाशी बोलले नाय तरी तिच्याशी बोलायचे!” त्यांनी ट्रे उंबऱ्यावरच टेकवला. “भावजी, हे म्हशीशी बी बोलू नाय राह्यले. म्या बघितलंच नाय. म्या आपली मीठच शोधत बसले!”

आप्पासाहेब गोठ्यात गेले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा भावाच्या समोर उभे राहिले. त्यांनी दादांचा मफलर बाजूला केला. मानेवर लिंबाएवढी गाठ होती.

शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्याकडं वेळ कमी होता. “आवाज कधीपासून बसलाय?”

चतुरावहिनींनी आप्पासाहेबांकडं पाहिलं, आप्पासाहेबांनी जमिनीकडं.

“अहो, एका घरात राहता ना? कधीपासून घोगरा झाला, कधी बंद झाला, काहीतरी सांगाल की नाही!”

“एका घरात राहतो,” वहिनी म्हणाल्या. “पन दिवाळीपासून बोलनं नव्हतं.”

डॉक्टरांनी असं उत्तर पूर्वी ऐकलं नसावं. ते सरळच बोलले. दिवाळीच्या सुमाराला आला असता तर नुसता रेडिएशनचा शेक देऊन भागलं असतं, आवाजही राहिला असता. आता आवाजाची पेटीच काढावी लागणार. आणि ती काढूनही गाठ मानेत उतरलीय, तेव्हा वर्षभराच्या पुढचं काही विचारू नका.

आप्पासाहेब बाहेर बाकावर येऊन बसले. हिशेब काही अवघड नव्हता. दादांचा आवाज दिवाळीत घोगरा व्हायला लागला असणार, तेव्हा कुणीतरी म्हणालं असतं, “रामकिसन, घसा दाखव.” पण गाव हसलं म्हणून दादा गप्प बसले, गप्प बसले म्हणून घोगरा आवाज कुणाला ऐकू आला नाही. आणि गाव का हसलं? समोरच्या बाकावर कुणाचं तरी पोर मोबाइल बघत होतं आणि मोबाइलमधून दादा ओरडत होते. आप्पासाहेब उठून जिन्यात जाऊन उभे राहिले.

आता त्यांना एकच हवं होतं. पेटी काढायच्या आत दादांनी आपल्याला एकदा “आप्प्या” म्हणावं. शिवी देऊन म्हणावं, पण म्हणावं! सुजेवरची औषधं देऊन दादांच्या घशात थोडी कुजबुज परत आली होती. डॉक्टर म्हणाले होते, काय बोलायचं ते बोलून घ्या. आप्पासाहेब दिवसभर कॉटच्या पायथ्याशी उभे. दादा वहिनींशी बोलले, म्हशीला कुणाकडं बांधायचं ते बोलले, सिस्टरला ताई म्हणाले. आप्पासाहेबांकडं बघायचे आणि नजर खिडकीकडं न्यायचे.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉयनं चाकं सोडली, तेवढ्यात दादांनी हात वर केला. सगळे थांबले. आप्पासाहेब पुढं झाले, इतके की दादांचा श्वास त्यांच्या गालाला लागला. दादांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग मान वळवून बायकोला म्हणाले, “चतुरा, ह्याला म्हनावं जेवून घे. कालधरनं चहावर हाय.”

चतुरावहिनींनी डोळे पुसले आणि शिस्तीत निरोप दिला, “भावजी, ते म्हनत्यात, जेवून घ्या.”

“त्यांना म्हणा,” आप्पासाहेब म्हणाले, “जेवतो.”

दारं मिटली. रामकिसनदादांचा आवाज असा गेला. अबोल्याला धक्का न लावता.

नंतरचे दिवस वाईट होते. नाकात नळी, गळ्याला भोक, भोकावर जाळी. दादांचे ओठ हलायचे आणि काही ऐकू यायचं नाही. वहिनी अंदाज करायच्या. “पानी? उशी? घरची आठवन आली का?” दादा मान हलवून दमायचे. पाटी आणून दिली, तर त्यांनी ती सारली. सहीपुरतीच अक्षरं यायची त्यांना. एकदा दुपारी त्यांचे ओठ सारखे तेच तेच म्हणत होते, वहिनी रडकुंडीला आल्या होत्या, आणि आप्पासाहेब पायथ्याशी उभे होते. त्यांची नजर ओठांवर होती. सेलूकरने लावलेली खोड! तोंड आपोआप उघडलं, आणि दादांचा आवाज वॉर्डात उमटला.

“पंखा बंद कर की गं! गारठून मराय लागलो!”

वहिनींच्या हातातली वाटी खाली पडली. त्यांनी वळून आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग दिराकडं. पलीकडच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला. दादांनी डोळे मोठे केले, आणि मग जोरात मान हलवली. व्हय! पंखा!

पंखा बंद झाला. वहिनी तोंडाला पदर लावून रडू लागल्या. “आजून बोलवा ओ भावजी! आजून काय म्हनत्यात बघा!”

दादा आप्पासाहेबांकडं बघत होते. या वेळी नजर खिडकीकडं गेली नाही. ओठ हलू लागले, सावकाश, एकेक शब्द नीट दिसेल असे. आप्पासाहेब बघत राहिले. त्यांचं तोंड उघडेना.

“काय म्हनत्यात?”

“काय नाय.”

“एवढा येळ बोलू राह्यले अन् काय नाय? सांगा भावजी! माझ्या गळ्याची आन हाय!”

मग आप्पासाहेबांनी बेल्जियमला दिला होता तोच आवाज काढला. ओठांबरोबर ओठ हलवून, एक शब्द मागं नाही की पुढं नाही.

“आप्प्या... लेका... तुरीतनं गेलास ते गेलास. तुरीचं काय, फिरून येती. तीन वर्सं झाली. एकदा तरी एकटा आलास का, दादा चुकलं म्हनाया? आलास ते बी पेढं घेऊन, बहिऱ्याला म्होरं करून! म्या वाट बघत बसलो, अन् तू... तू माझा आवाज उस्मानपुऱ्यात नेऊन इकला.” दादा दम घ्यायला थांबले, तर आप्पासाहेबही थांबले. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी चाललं होतं. “नेला तर नेला. पन त्या बेल्जियमला एक डाव तरी उभं राहू द्यायचं व्हतं रं. एक डाव तरी त्यानं ट्रॅक्टर अडवायचा व्हता.”

पलीकडच्या पेशंटची बायको पदरानं डोळे टिपत होती.

दादांचे ओठ अजून हलतच होते. आता जोरात. आप्पासाहेब अडखळले.

“पुढं?” वहिनी म्हणाल्या. “पुढं काय?”

पुढं शिवी होती. चांगली लांबलचक, आईवरून! आणि आई दोघांची एकच असल्यामुळं ती कुणाला कशी लागू होते, याचा विचार करायची ती वेळ नव्हती. आप्पासाहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि ती शिवी जशीच्या तशी, खणखणीत, दादांच्या आवाजात दिली. दादांचं सगळं अंग गदगदून हलू लागलं. गळ्यावरच्या जाळीतून फस् फस् हवा येत होती. दादा हसत होते! म्हणून आप्पासाहेबांनी ती पुन्हा दिली.

सिस्टर धावत आली. आता तिला काय दिसलं? गळ्याला भोक पडलेला एक म्हातारा मुकाट पडलाय, आणि त्याच्या पायथ्याशी उभा राहून एक धडधाकट माणूस त्याला आईवरून शिव्या देतोय!

“लाज नाही वाटत? मरणाच्या दारातल्या माणसाला? तोंड नाही त्याला परत बोलायला!” असं म्हणून तिनं आप्पासाहेबांना दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दादा कॉटवर हातवारे करत होते, ओठ हलवत होते. खरं काय ते त्यांनी सांगितलंही असतं, पण ते सांगायला पुन्हा आप्पासाहेबच लागले असते.